मतं पक्षाची की माणसाची? दादरा-नगर हवेलीच्या चार निकालांचा हिशेब

सिल्वासा : दादरा-नगर हवेलीत विधानसभा नाही आणि राज्यसभेची जागाही नाही. २६ जानेवारी २०२० रोजी दमण-दीवशी विलीनीकरण झालं, तरी कारभार प्रशासकांच्याच हाती आहे. पंचायत आणि नगरपालिका सोडली, तर इथला मतदार एकाच निवडणुकीत कायदे करणाऱ्या सभागृहात माणूस पाठवतो, ती म्हणजे लोकसभा. त्यामुळे उमेदवारात दम किती आणि मतदान किती झालं, याची चर्चा सिल्वाशापासून खानवेलपर्यंत चालते. सीमेपलीकडे तलासरी, डहाणू, जव्हारकडची नातेवाईक मंडळीही या निकालावर नजर ठेवून असतात. पण ही चर्चा बहुतेक वेळा मताधिक्याच्या एकाच आकड्यावर थांबते आणि तिथेच गफलत होते.

निकाल एका नजरेत

• २०१४ : नटुभाई पटेल (भाजप) ८०,७९०, मोहन डेलकर (काँग्रेस) ७४,५७६. फरक ६,२१४
• २०१९ : मोहन डेलकर (अपक्ष) ९०,४२१, नटुभाई पटेल (भाजप) ८१,४२०. फरक ९,००१
• २०२१ पोटनिवडणूक : कलाबेन डेलकर (शिवसेना) १,१८,०३५, महेश गावित (भाजप) ६६,७६६. फरक ५१,२६९
• २०२४ : कलाबेन डेलकर (भाजप) १,२१,०७४, अजित माहला (काँग्रेस) ६३,४९०. फरक ५७,५८४

पक्ष बदलले, आडनाव राहिलं

हा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. मोहनभाई डेलकर इथून सात वेळा निवडून आले. १९८९ ला अपक्ष, १९९१ आणि १९९६ ला काँग्रेस, १९९८ ला भाजप, १९९९ ला पुन्हा अपक्ष, २००४ ला भारतीय नवशक्ती पार्टी आणि २०१९ ला परत अपक्ष. म्हणजे पक्षाची पाटी बदलत राहिली, माणूस तोच. पण आडनाव असलं की विजय ठरलेला, असंही नाही. २००९ मध्ये ते अवघ्या ६१८ मतांनी हरले आणि २०१४ मध्येही हरले. दोन्ही वेळा ते काँग्रेसकडून लढले होते आणि दोन्ही वेळा नटुभाई पटेल जिंकले.

२२ फेब्रुवारी २०२१ रोजी मोहनभाईंचं मुंबईत निधन झालं. ३० ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी कलाबेन शिवसेनेकडून उभ्या राहिल्या आणि महाराष्ट्राबाहेर शिवसेनेला पहिला खासदार मिळाला. २०१९ मध्ये मोहनभाईंना मिळालेल्या मतांपेक्षा २७,६१४ मतं त्यांना जास्त पडली. भाजपची मतं १४,६५४ ने घटली.

इथे बेरीज चुकते

मार्च २०२४ मध्ये भाजपने त्यांनाच उमेदवारी दिली. कागदावर गणित सोपं होतं. २०२१ ची कलाबेनची १,१८,०३५ आणि भाजपची ६६,७६६ एकत्र केली की १,८४,८०१ होतात. प्रत्यक्षात पडली १,२१,०७४. म्हणजे भाजपची ताकद मागे उभी राहूनही कलाबेनची मतं वाढली फक्त ३,०३९.

मग बाकीची गेली कुठे? २०२१ मध्ये ६,१५० वर असलेली काँग्रेस २०२४ मध्ये ६३,४९० वर पोचली. दुसऱ्या क्रमांकाची मतं पाहा : २०२१ ला ६६,७६६, २०२४ ला ६३,४९०. पक्ष वेगळा, उमेदवार वेगळा, आकडा जवळपास तोच. यावरून निघणारा अंदाज असा, की इथली लढत पक्षांपेक्षा डेलकरांच्या बाजूचे आणि विरुद्धचे अशी जास्त आहे. कोणत्या मतदाराने नेमकं काय केलं, हे मात्र एकूण बेरजेतून कळत नाही. त्यासाठी केंद्रनिहाय मतांचा तक्ता, म्हणजे आयोगाचा फॉर्म २० पाहावा लागतो. दुधनी-मांदोनीकडची गावं आणि सिल्वासा-आमलीचा शहरी पट्टा वेगळा काढून दोन निवडणुका शेजारी ठेवल्या, की कोण कुठे सरकलं ते दिसतं.

टक्का घसरला, मतदार नाही

आता मतदानाचं बघू. २०१४ ला ८४.०६ टक्के, २०१९ ला ७९.५८, २०२१ ला ७६ च्या आसपास, तर ७ मे २०२४ ला ७२.५२ टक्के. दहा वर्षांत साडेअकरा टक्के खाली. "लोक कंटाळले" असा निष्कर्ष लगेच काढला जातो.

पण टक्केवारी म्हणजे भागाकार, खाली काय आहे तेही पाहावं लागतं. २०१९ ला यादीत सुमारे अडीच लाख नावं होती आणि मतदान केलं सुमारे १.९९ लाख जणांनी. २०२४ ला यादी सुमारे २.८३ लाखांवर गेली, मतदान केलं सुमारे २.०५ लाखांनी. म्हणजे केंद्रावर येणारे कमी झाले नाहीत, थोडे वाढलेच. यादी मात्र त्याहून कितीतरी वेगाने फुगली. २००१ ते २०११ या काळात इथली लोकसंख्या २,२०,४९० वरून ३,४३,७०९ झाली, त्यात कारखान्यांसाठी आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. खोली बदलली, कंपनी बदलली, गावी परतले, तरी नाव यादीत राहू शकतं. खरी उदासीनता किती आणि जुनी नावं किती, हे वेगळं केल्याशिवाय घसरणीचा अर्थ लावता येत नाही.

सहानुभूती आपोआप मतात उतरत नाही

शेजारच्या पालघरचं उदाहरण आहे. खासदार चिंतामण वनगा यांचं जानेवारी २०१८ मध्ये निधन झालं. मे महिन्यातल्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र श्रीनिवास वनगा शिवसेनेकडून लढले आणि काँग्रेसमधून भाजपमध्ये आलेल्या राजेंद्र गावितांकडून २९,५७२ मतांनी हरले. मतदान जेमतेम ५३ टक्के झालं होतं. सिल्वाशात पोटनिवडणूक असूनही टक्का तीन-चारनेच घटला आणि कलाबेन जिंकल्या. दोन्हीकडे दुःख खरं होतं. पण पालघरमध्ये लढत बहुरंगी होती, इथे सरळ, आणि इथे माणसं केंद्रापर्यंत आली.

पुढच्या वेळी काय पाहावं

उमेदवाराची ताकद जोखायची तर तीन गोष्टी शेजारी ठेवाव्यात : त्याला पडलेली प्रत्यक्ष मतं, विरोधकाला पडलेली प्रत्यक्ष मतं आणि यादीतली वाढ. नुसतं मताधिक्य विरोधी मतं फुटली की वाढतं, नुसता टक्का यादी फुगली की घटतो.

सीमेवरच्या वाचकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. एका माणसाचं नाव दोन मतदारसंघांच्या यादीत ठेवता येत नाही, तो गुन्हा ठरू शकतो. घर बदललं असेल तर फॉर्म ८ भरून नाव हलवून घ्यावं. मत पालघरला आणि नोकरी सिल्वाशाच्या कंपनीत असेल, तर पालघरच्या मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी मागण्याचा हक्क आहे. ज्या प्रदेशात दिल्लीला एकच माणूस जातो, तिथे यादीतलं चुकीचं नावही निकालाच्या हिशेबात मोजलं जातं. आणि २००९ मध्ये इथला निकाल ६१८ मतांवर लागला होता.