आलिशान वाहन : नवे घ्यावे की वापरलेले?

हौसेला मोल नाही असे म्हणतात. पण हौसेने घेतलेल्या वाहनाला मोल असते आणि ते पुढे पाच-सात वर्षे दरमहा फेडावे लागते. ऑडी क्यू५, बीएमडब्ल्यू एक्स३, मर्सिडीज-बेंझ जीएलसी, व्होल्व्हो एक्ससी६० या मध्यम आकाराच्या आलिशान एसयूव्हींविषयी तर हे विशेष खरे आहे. या वाहनांचे बाह्यरूप जीपसारखे उंच व भरदार असले, तरी आतील बांधणी मोटारीप्रमाणे एकसंध सांगाड्याची असते. म्हणून त्यांना क्रॉसओव्हर म्हणतात. वरील चारही वाहने अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर, चेन्नई, चाकण आणि बंगळूरुजवळील कारखान्यांत जुळविली जातात. त्यामुळे पूर्णतः आयात केलेल्या वाहनाइतके सीमाशुल्क त्यांवर पडत नाही.

नव्या वाहनाची शोरूममधील किंमत साधारणतः साठ ते ऐंशी लाख रुपये असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून भरपाई उपकर रद्द होऊन त्यांवरील वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला. त्यापूर्वी कर आणि उपकर मिळून ५० टक्के होत. मात्र शोरूमची किंमत म्हणजे संपूर्ण खर्च नव्हे. महाराष्ट्रात वीस लाखांवरील पेट्रोल वाहनास १३ टक्के, तर डिझेल वाहनास १५ टक्के वाहनकर आहे. म्हणजे सत्तर लाखांच्या पेट्रोल वाहनावर केवळ या कराचे ९ लाख १० हजार रुपये होतात. तेच वाहन कंपनीच्या नावे घेतल्यास कर २० टक्के पडतो. व्यवसायातील घसाऱ्याचा लाभ मोजताना पुष्कळ जण हा फरक विसरतात. दहा लाखांवरील खरेदीवर विक्रेता एक टक्का कर वसूल करतो; तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

खरा प्रश्न कर्जाच्या मुदतीचा आहे. ४० लाखांचे कर्ज द.सा.द.शे. ९ टक्के दराने घेतले असे समजू. पाच वर्षांच्या मुदतीत मासिक हप्ता सुमारे ८३,००० रुपये येतो आणि एकूण व्याज ९ लाख ८२ हजारांच्या आसपास जाते. मुदत सात वर्षे केली की हप्ता ६४,३५० रुपयांपर्यंत उतरतो. व्याज मात्र १४ लाखांवर चढते. तीन वर्षांनी वाहन विकण्याची वेळ आली, तर पहिल्या कर्जाची १८ लाखांहून थोडी अधिक आणि दुसऱ्याची जवळजवळ २६ लाख रुपये मुद्दल बाकी असेल. त्या वेळी वाहनाचे मूल्य किती असेल? विम्याच्या रूढ कोष्टकाप्रमाणे तिसऱ्या वर्षात किमतीतून ३० टक्के, चौथ्यात ४० टक्के आणि पाचव्यात ५० टक्के वजावट धरली जाते. प्रत्यक्ष बाजारात आलिशान वाहनांची घसरण याहूनही तीव्र असू शकते.

हीच घसरण वापरलेले वाहन घेणाऱ्याच्या पथ्यावर पडते. पण येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. वाहनाची किंमत निम्मी झाली, तरी त्याच्या सुट्या भागांची किंमत निम्मी होत नाही. पस्तीस लाखांत घेतलेल्या वाहनाचे एअर सस्पेन्शन, स्वयंचलित गिअरबॉक्स वा रन-फ्लॅट टायर सत्तर लाखांच्या वाहनाचेच असतात आणि देयकही त्याच मापाचे येते. म्हणून दोन-तीन वर्षे वापरलेले, अधिकृत सेवाकेंद्रातील नोंदी अखंड असलेले आणि वाढीव हमी मिळू शकणारे वाहन हा बहुतेकांना सोयीचा मध्यममार्ग ठरतो. हमी नव्या मालकाकडे वर्ग होते की नाही, हे लेखी विचारून घ्यावे. हमी संपून बराच काळ लोटलेले वाहन केवळ स्वस्त म्हणून घेणे जोखमीचे. आठ-दहा वर्षे एकच वाहन वापरणाऱ्याला नवे घेणेच अधिक परवडते.

जुने डिझेल वाहन रोज चार-पाच किलोमीटरच फिरणार असेल, तर त्याच्या धूरनळीतील काजळीचा फिल्टर तुंबतो. अशा वापरास पेट्रोल बरे. पुराच्या पाण्यात बुडालेली वाहने वरवर चकचकीत करून विक्रीस येतात. २६ जुलै २००५ चा मुंबईतील आणि २०१५ चा चेन्नईतील पूर अनेकांना आठवत असेल. अशा वाहनाचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, गालिचा उचलून खालचा गंज तपासावा. वास पुष्कळ काही सांगून जातो. दिल्लीहून स्वस्तात आलेल्या डिझेल वाहनाचीही नीट चौकशी करावी. तेथे दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर २०१५ पासून निर्बंध आले, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले आणि २०२५ मध्ये काही अंशी सैल केले. परराज्यातील वाहनासाठी तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि येथे वयानुसार पुन्हा कर भरावा लागतो. तो हिशेब सौदा ठरण्यापूर्वीच करावा.

नोंदणीपुस्तिकेत पूर्वीच्या बँकेची तारण-नोंद असेल, तर त्या बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ मिळाल्याखेरीज पूर्ण रक्कम विक्रेत्याच्या हाती देऊ नये. थकबाकी थेट त्या बँकेच्या कर्जखात्यात भरून उरलेली रक्कम विक्रेत्यास देणे सर्वांत सुरक्षित. हस्तांतरणाचे नमुने २९ व ३० विक्रेत्यानेही आळस न करता दाखल करावेत. कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानुसार अपघाताची भरपाई नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याच्यावरच येते. विमा चौदा दिवसांत खरेदीदाराच्या नावे करून घ्यावा. ‘नो क्लेम बोनस’ मात्र वाहनासोबत जात नाही, तो विक्रेत्याचा राहतो. विमा कंपनीकडून त्याचे प्रमाणपत्र घेतल्यास तीन वर्षांच्या आत नव्या वाहनाच्या हप्त्यात त्याला ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते.