उपेक्षित पावलांचे अर्थशास्त्र

आपल्या संस्कृतीत दुसऱ्याच्या पायांना मोठा मान आहे. स्वतःच्या पायांना मात्र तो नाही. चष्म्याचा क्रमांक आपण वेळच्या वेळी तपासून घेतो. पण टाचेच्या भेगा, कुरूप वा मांसात रुतलेले नख यांसाठी वैद्याकडे जाणे आपणांस अतिरेकाचे वाटते. प्रत्येक पावलात 26 हाडे असतात आणि देहाचा सारा भार आयुष्यभर त्यांवरच पडतो. दिवसभर फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या शिक्षकास हे वेगळे सांगावयास नको.

माझे वडील असेच शिक्षक होते. निवृत्तीनंतर मधुमेह जडला. एका चैत्रात ते देवळाच्या तापलेल्या फरशीवरून अनवाणी प्रदक्षिणा घालून आले. तळव्याला फोड आल्याचे तिसऱ्या दिवशी पायमोज्यावरील डागामुळे कळले. मधुमेहाने पायांच्या मज्जातंतूंची संवेदना हरपते, हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते. जखम चिघळली आणि अखेर दोन बोटे काढावी लागली. त्या शस्त्रक्रियेत त्यांची शिल्लक तर गेलीच. परंतु रोजचे फिरणे, वाचनालय आणि मित्रमंडळी हीही गेली. या हानीची नोंद कोणत्याच जमाखर्चात होत नाही.

आता प्रतिबंधाचा खर्च पाहू. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक धागा तळव्यावर टेकवून संवेदना तपासता येते. त्यास काही मिनिटे पुरतात. कुष्ठरुग्णांच्या बधिर पावलांसाठी वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या पादत्राणांचा उपयोग केला. तेच तत्त्व मधुमेहींनाही लागू पडते. ब्रिटनमध्ये पादचिकित्सक हा कायद्याने नोंदणीकृत व्यावसायिक आहे. घट्टे काढणे, नखे निगुतीने कापणे, चालण्यातील दोष ओळखून योग्य तळ सुचविणे हे त्याचे काम. आपल्याकडे मात्र मोठ्या शहरांतील मोजकी रुग्णालये सोडली, तर अशी सेवा दुर्मीळच आहे.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार देशात 10.1 कोटी मधुमेही आहेत. 2010 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली शासकीय केंद्रांत रक्तातील साखर तपासली जाते. त्याच टेबलाशी रुग्णास चपला काढावयास सांगून त्याचे तळवे पाहिले, तर नव्या इमारतीची वा बड्या यंत्राची गरज पडणार नाही. परिचारिकेस थोडे प्रशिक्षण पुरेल.

शासनाने ते करावेच. परंतु तोवर घरोघरी रात्री निजण्यापूर्वी मधुमेही वडीलधाऱ्यांचे तळवे दिव्याच्या उजेडात पाहण्यास कोणाच्या अनुमतीची आवश्यकता आहे? वडीलधाऱ्यांच्या पायांशी आपण वाकतोच. वाकल्यावर डोळे मात्र उघडे असावेत.