वाहन अपघात : चूक कोणाची हे न पाहता मिळणारी नुकसानभरपाई



उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की रात्रीच्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला असतो. समोरून मोटार येते, तिच्या दिव्यांनी मोटारसायकलवाल्याचे डोळे दिपतात आणि अपघात होतो. साक्षीदार कोणी नसतो. मोटारवाला म्हणतो चूक मोटारसायकलची, मोटारसायकलवाल्याचे घरचे म्हणतात चूक मोटारीची. हा वाद वर्षानुवर्षे चालतो आणि तोवर दवाखान्याचे बिल भरण्यासाठी घरची जनावरे विकली जातात.

अशा प्रसंगासाठी कायद्यात एक तरतूद आहे. कोर्टकचेरीत तिला 'नो फॉल्ट' म्हणतात. चूक कोणाची हे सिद्ध न करता ठराविक रक्कम मिळते, एवढा तिचा अर्थ. मात्र या तरतुदीत अलीकडे मोठा बदल झाला आहे. जुन्या माहितीवर विसंबून राहिल्यास काही लाखांचे नुकसान होऊ शकते. म्हणून हा विषय नीट समजून घ्यावा.

जुना नियम व नवा नियम

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १४० नुसार पूर्वी मृत्यूसाठी २५,००० रुपये व कायमच्या अपंगत्वासाठी १२,००० रुपये मिळत. १९९४ मध्ये या रकमा अनुक्रमे ५०,००० व २५,००० रुपये झाल्या. ही रक्कम हातउचल म्हणून असे. ती घेऊनही चुकीच्या आधारावरचा मोठा दावा पुढे चालवता येई व अंतिम रकमेतून ती वजा होई. त्यामुळे "नो फॉल्टचे पैसे आधी घ्या, बाकीचे मागाहून पाहू" असा सल्ला गावोगाव रूढ झाला.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १४० रद्द झाले. १ एप्रिल २०२२ पासून नवे कलम १६४ लागू आहे. त्यानुसार मृत्यू झाल्यास वारसांना ५ लाख रुपये व गंभीर दुखापतीसाठी जखमीला अडीच लाख रुपये मिळतात. ही रक्कम वाहनमालकाने किंवा त्याच्या विमा कंपनीने द्यावयाची असते. हाड मोडणे, डोळा किंवा कान कायमचा निकामी होणे, अवयव गमावणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे या गोष्टी गंभीर दुखापतीत मोडतात.

रक्कम वाढली, पण ती आता हातउचल राहिलेली नाही. कलम १६४ ची भरपाई स्वीकारली की कलम १६६ खालील मोठा दावा संपुष्टात येतो. दोन वाटांपैकी एकच निवडावी लागते. म्हणून कंपनीच्या कागदावर सही करण्यापूर्वी हिशेब करावा.

हिशेब कसा करावा?

कलम १६६ खाली समोरच्याची चूक दाखवावी लागते, पण रकमेला कमाल मर्यादा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ च्या निकालांत मृत्यूच्या दाव्यासाठी हिशेबाची पद्धत घालून दिली आहे. पुढील दोन उदाहरणांवरून ती लक्षात येईल.

उदाहरण १ : समजा, मृत शेतकऱ्याचे वय ४२ वर्षे व वार्षिक उत्पन्न १,२०,००० रुपये आहे. पत्नी, दोन मुले व आई असे चौघे अवलंबून आहेत. ४० ते ५० वयाच्या स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यास भावी वाढीपोटी २५ टक्के धरतात. म्हणजे उत्पन्न १,५०,००० रुपये झाले. अवलंबून असणारे चार ते सहा असल्यास मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करतात. राहिले १,१२,५०० रुपये. या वयाचा गुणक १४ आहे. एकूण १५,७५,००० रुपये होतात. शिवाय अंत्यविधी, सहवासाची हानी इत्यादींपोटी ठराविक रकमा मिळतात.

या उदाहरणात मृताची निम्मी चूक ठरली तरी निम्मी रक्कम, म्हणजे सुमारे ७,८७,००० रुपये, वारसांना मिळू शकते. तीही पाच लाखांहून जास्तच आहे. मात्र संपूर्ण चूक मृताचीच ठरल्यास या वाटेने काहीही मिळत नाही.

उदाहरण २ : समजा, मृताचे वय ६३ वर्षे, वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपये व अवलंबून दोघे आहेत. या वयात भावी वाढ धरत नाहीत. एक तृतीयांश वजा जाता ४०,००० रुपये उरतात. गुणक ७ आहे. एकूण २,८०,००० रुपये झाले. वरच्या ठराविक रकमा मिळवूनही आकडा पाच लाखांच्या आतच राहतो. येथे कलम १६४ ची वाट सोपी आणि फायद्याचीही आहे.

थोडक्यात, कर्ता माणूस तरुण असेल, कुटुंब मोठे असेल आणि समोरच्याची चूक दाखवणारा पुरावा हाती असेल तर कलम १६६ चा विचार करावा. पुरावा नसेल, चूक आपल्या माणसाकडे जाण्याची दाट शक्यता असेल किंवा हिशेब पाच लाखांच्या आत बसत असेल तर कलम १६४ बरे. जखमीच्या बाबतीतही असाच विचार करावा. पाय गमावलेल्या शेतमजुराला औषधोपचार, बुडालेली मजुरी व पुढील आयुष्यातील कमाईची घट मिळून अडीच लाखांहून कितीतरी अधिक मागता येते.

पहिल्या आठवड्यात घ्यावयाची काळजी

१) जखमीस १०८ रुग्णवाहिकेने किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखान्यात न्यावे. मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे कोणी कचरू नये. २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार मिळतात. दाखल करतानाच तशी विचारणा करावी.

२) दवाखान्याच्या कागदावर "वाहन अपघात" अशीच नोंद करावी. पोलिसांचा त्रास नको म्हणून "घसरून पडले" असे सांगितले जाते. पुढे तोच कागद दाव्याच्या आड येतो.

३) फिर्याद त्वरित द्यावी. "माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही" असा जबाब घाईने देऊ नये. मुद्रांकावर आपसात मिटवण्याचा कागदही पहिल्या दिवसांत करू नये.

४) वाहनाचा क्रमांक, जागा, टायरच्या खुणा यांची छायाचित्रे घ्यावीत. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, समोरच्या वाहनाचे आर.सी., विमा पॉलिसी व चालकाचा परवाना यांच्या प्रती मिळवाव्यात. पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत व सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यावा असा नियम आहे. त्याचा पाठपुरावा करावा.

५) अपघातात आपले वाहन असेल तर आपल्या विमा कंपनीलाही लेखी कळवावे. सर्वेक्षकाने पाहणी केल्याशिवाय दुरुस्ती करू नये.

६) बैल किंवा म्हैस दगावल्यास पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदनाचा दाखला घ्यावा. नो फॉल्टची रक्कम फक्त माणसांसाठी आहे. जनावराची भरपाई चूक दाखवूनच मागावी लागते.

दावा जिल्ह्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करावा. अपघाताच्या ठिकाणी किंवा आपण राहतो त्या ठिकाणीही तो करता येतो. कलम १६६ साठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. तिच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला असला तरी आपण सहा महिन्यांच्या आतच अर्ज करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक व अल्प उत्पन्न गटातील व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा पुरावा

नोकरदाराकडे पगारपत्रक असते, आपल्याकडे सातबारा असतो. पण जमीन तर वारसांकडेच राहते, असा युक्तिवाद विमा कंपनी करते व न्यायालयेही तो विचारात घेतात. नुकसान होते ते मृताच्या कष्टाचे व देखरेखीचे. म्हणून सातबाऱ्याबरोबर कारखान्याची ऊसबिले, आडतीच्या पट्ट्या, दूध संस्थेचे पुस्तक, बँकेचे पासबुक, भाड्याने केलेल्या नांगरटीच्या नोंदी आणि मृत्यूनंतर गडी लावावा लागला असल्यास त्याच्या मजुरीचा हिशेब जोडावा. या पट्ट्या दरवर्षी एका पिशवीत जपून ठेवण्याची सवय आतापासूनच लावावी.

ट्रॅक्टर आणि विमा

ट्रॅक्टरवर चालकाखेरीज कोणाला बसण्याची जागा नाही. मडगार्डवर बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपन्या नाकारतात. २००७ च्या एका निकालात, शेतीच्या विम्यावर वीटभट्टीसाठी माती वाहणाऱ्या ट्रॉलीवरील जखमी मजुराबाबत विमा कंपनी जबाबदार नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. मजुराच्या हलाखीकडे पाहून कंपनीने आधी पैसे द्यावेत, असा आदेश झाला. पण ती रक्कम ट्रॅक्टरमालकाकडून वसूल करण्याची मुभाही कंपनीला मिळाली. म्हणजे बोजा अखेर मालकावरच पडला. म्हणून पॉलिसीत वापराचा प्रकार काय लिहिला आहे, ट्रॉलीचा विमा आहे का आणि मजुरांसाठी जादा हप्ता भरला आहे का, हे आजच पाहावे. चालकाचा परवाना मुदतीत असावा.

मालक स्वतः ट्रॅक्टर चालवताना उलटून दगावला, तर त्याच्या वारसांचा स्वतःच्याच विम्यावरील नो फॉल्टचा दावा बहुधा टिकत नाही. त्यासाठी मालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा असतो. पॉलिसीत त्याचा हप्ता दाखवला आहे ना, याची खात्री करावी.

वाहन पळून गेल्यास व इतर मदत

धडक देणारे वाहन सापडलेच नाही तर मृत्यूसाठी २ लाख व गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयाकडे करावा.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून लागू आहे. वहितीधारक शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांना तिचा लाभ आहे. मृत्यूसाठी २ लाख व एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावा. बँकेतून वर्षाला २० रुपये कापून घेतले जाणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमाही तपासावा. पासबुकात ती नोंद असूनही घरच्यांना ठाऊक नसते आणि दावा राहून जातो.

पेरणीआधी आपण बियाण्याची उगवणक्षमता तपासतो. तशीच एका संध्याकाळी ट्रॅक्टर व मोटारसायकलची पॉलिसी काढून मुदत आणि अटी वाचाव्यात व कागद कोठे आहेत ते घरातील बायकामुलांनाही दाखवून ठेवावे. आणि ट्रॉलीच्या मागचा रिफ्लेक्टर फडक्याने पुसल्याशिवाय ती रस्त्यावर काढू नये. पाच लाख असोत की पंधरा लाख, गेलेला माणूस त्यातून परत येत नाही.