शिळी पोळी आणि शिळा भात

होळीचा स्वयंपाक म्हटला की पुरणपोळी आलीच. शिजलेल्या हरभऱ्याच्या डाळीवरचे पाणी, म्हणजे कट, काढून त्याची आमटी करतात आणि डाळीत गूळ घालून पुरण शिजवतात. दुसऱ्या दिवशी धुळवडीला शिळी पोळी तुपाबरोबर खाण्याची मजा काही औरच! उरलेल्या भाताला फोडणी मिळते.

पोळी आणि भात, दोन्ही शिळेच. परंतु पोळी सहसा दुसऱ्या दिवशीही चांगली राहते, भाताचा मात्र भरवसा नसतो. असे का?

जीवाणूंना वाढण्यासाठी पाणी लागते. पुरणातील बरेचसे पाणी गुळातील साखर धरून ठेवते, त्यामुळे जीवाणूंच्या वाट्याला ते कमी येते. शिवाय पोळी भाजताना काही पाणी वाफ होऊन जाते. गुळांबा टिकतो तोही साखरेमुळेच.

भातात मात्र पाणी भरपूर आणि साखर नाही. तांदळात ‘बॅसिलस सेरियस’ या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. भात शिजताना ते सगळेच मरत नाहीत. भात कोमट झाला की ते रुजतात व वाढू लागतात. दर अर्ध्या तासाला संख्या दुप्पट होते असे धरले, तर रात्री १० वाजता असलेल्या एका जीवाणूचे सकाळी ६ वाजता किती होतील? तब्बल ६५,५३६! गणित करून पाहा.

यांतील काही जीवाणू भातात विष तयार करतात. ते फोडणीच्या उष्णतेनेही नष्ट होत नाही. भाताला वास येतोच असेही नाही. असा भात खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात.

म्हणून उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. परातीत पसरून लवकर निववावा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत झाकून शीतकपाटात ठेवावा. तेथे ५ अंश सेल्सियसच्या खाली जीवाणूंची वाढ फार मंदावते. शीतकपाट नसेल, तर भात बेताचाच शिजवावा.

परातच का? मोठ्यांच्या मदतीने सारखेच गरम पाणी तांब्यात आणि परातीत घ्या. दर दहा मिनिटांनी तापमापीने तापमान मोजून वहीत लिहा. उत्तर तुमचे तुम्हालाच सापडेल!