आरोग्यदूत आपल्याच घरातला

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मी खर्ऱ्यावर पूर्ण तासभर बोलले. सुपारी, तंबाखू, चुना, तोंडाचा कर्करोग, सगळे फळ्यावर लिहिले. मुले शांत बसून ऐकत होती. शाळा सुटली तेव्हा फाटकाबाहेर दोन मुलगे पन्नीत खर्रा घोटत उभे होते. माझ्याच वर्गातले.

आठवडाभराने दहावीतल्या एका मुलाने तेच काम पाच मिनिटांत केले. त्याने भाषण दिले नाही. मुलांना गोलात बसवून एवढेच म्हणाला, "तीन बोटे उभी धरून तोंडात घालून दाखवा." हसत-खिदळत सगळ्यांनी करून पाहिले. एकाची मात्र दोनच बोटे गेली आणि त्याचे हसू थांबले. त्या संध्याकाळी तो या मुलाला एकटा भेटला. म्हणाला, "भाई, तिखा खाया तो मुंह जलता है. किसी को बोलना मत."

मला त्याने हे कधीच सांगितले नसते. आज मी लिहिते आहे ते त्याच्या परवानगीने, नाव न घेता.

खर्ऱ्यातल्या सुपारीमुळे तोंडाच्या आतली त्वचा हळूहळू कडक होते, तोंड उघडेनासे होते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. तंबाखू त्यात भरच घालते. नुसती सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच तिला कर्करोगकारक ठरवले आहे. हे मी वर्गात सांगितलेच होते. पण शिक्षिकेकडून ऐकलेली गोष्ट परीक्षेपुरती राहते. दोस्ताकडून ऐकलेली मात्र घरापर्यंत येते.

सरकारी योजनाही याच अनुभवावर उभ्या आहेत. ७ जानेवारी २०१४ रोजी १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात साधारण हजार वस्तीमागे दोन मुली आणि दोन मुलगे निवडून त्यांना प्रशिक्षण द्यायचे असते. प्रत्येकाने आपल्या वयाच्या पंधरा-वीस जणांचा गट सांभाळायचा. आहार, मासिक पाळी, मनाचे आरोग्य, व्यसन, हिंसा, मधुमेहासारखे आजार हे त्यांचे विषय. २०२० पासून शाळांसाठीही असाच कार्यक्रम आहे. शाळेतल्या दोन शिक्षकांनी प्रशिक्षण घ्यायचे आणि विद्यार्थ्यांतून आरोग्यदूत तयार करायचे.

आपल्या महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. १९७० च्या दशकात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच, फारसे न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका केले. विदर्भात गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली आणि तिथले बालमृत्यू झपाट्याने कमी झाले. आपले माणूस शिकले की बाकीचे त्याचे ऐकतात.

मी शनिवारी आठ मुलांना शिकवते, चार मुलगे आणि चार मुली. माहिती ती लवकर पाठ करतात. खरे कठीण धडे तीनच आहेत.

पहिला धडा, आधी ऐकणे. आमच्या एका मुलीच्या लक्षात आले की शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी तिची मैत्रीण दप्तरात लपवते. घरी कुणीतरी सांगितले होते, "ही गोळी खाल्ली तर पुढे मूल होत नाही." ती हसली नाही, रागावली नाही. सगळे ऐकून घेतले आणि आपली गोळी मैत्रिणीसमोरच गिळली. मग समजावले की गोळी पोटभर जेवल्यावर घ्यायची, लगेच चहा प्यायचा नाही, शौचाला काळे झाले तर घाबरायचे नाही. रमजानमध्ये शाळेत घेता येत नाही, तर इफ्तारनंतर रात्रीच्या जेवणावर घ्यायची. देशाच्या २०१९-२१ च्या आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींमध्ये आणि ३१ मुलग्यांमध्ये रक्त कमी आढळले. एक गोळी दप्तरात राहणे ही म्हणूनच लहान गोष्ट नाही.

दुसरा धडा, गुपित राखणे. मी सहज विचारले, "कोण गं ती मुलगी?" उत्तर आले, "नाम नहीं बताऊंगी, मॅडम. आपने ही तो कहा था, अमानत है." क्षणभर राग आला. मग वाटले, ही पास झाली. मात्र याला एक अपवाद आम्ही पहिल्याच दिवशी शिकवतो. कुणी जीव देण्याचे बोलत असेल किंवा कुणी कुणाला वाईट हात लावत असेल, तर गप्प राहायचे नाही. लगेच विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचे. मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे नंबर सगळ्यांना पाठ आहेत.

तिसरा धडा, "मला माहीत नाही" म्हणणे. आरोग्यदूत डॉक्टर नाही. आपल्या विदर्भात सिकलसेलही आढळतो. प्रत्येक अशक्तपणा लोहाच्या गोळीने जात नाही, रक्त तपासावे लागते. मुलांनी इलाज सांगायचा नाही, दवाखान्याचा रस्ता सांगायचा आणि हवे तर सोबत जायचे.

एवढे करूनही काम घराच्या उंबरठ्यावर अडते. एक आई रागावून शाळेत आली. "पाळीबद्दल बोलायला लावता पोरींना? हया राहिली की नाही?" मी वाद घातला नाही. म्हटले, "बाजी, आज तुम्हीच बसा आमच्यात." त्या तासभर मागे बसल्या, काही बोलल्या नाहीत. निघताना मात्र एका मुलीला बाजूला घेऊन हळूच काही विचारले. काय विचारले ते मला माहीत नाही, त्या मुलीने सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्यासोबत डागा रुग्णालयात गेली, एवढेच कळले. तेव्हापासून त्यांची लेक आमच्या गटात आहे.

म्हणून वाचकांना, विशेषतः आईवडिलांना, दोन विनंत्या आहेत. मूल शाळेतून असे काही शिकून आले तर "हे तुझे वय नाही" म्हणून त्याचे तोंड बंद करू नका. आणि आज जेवण झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी तीन बोटांची तपासणी करून पाहा. आजोबांनी, अब्बांनी आणि पानदान सांभाळणाऱ्या दादीनेही. ज्या घरात लग्नाच्या ताटात मीठी सुपारी फिरते, त्या घराने मुलाला एकट्यालाच दोष देऊ नये.

आमचा तो नववीतला मुलगा मेडिकलच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात जाऊन आला. दहावीतला मित्र सोबत होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, कडक झालेली त्वचा पूर्वीसारखी होणे कठीण आहे, खर्रा सुटला तर पुढचे नुकसान मात्र टळेल. त्याने खर्रा सोडला आहे. अजूनही दोनच बोटे जातात. पण परवा शनिवारच्या वर्गाबाहेर तो घुटमळताना दिसला. म्हणाला, "मॅडम, सहावीतली पोरंही आता फाटकाबाहेर उभी असतात. त्यांच्याशी मी बोलू का?"

आमच्या गटात आता नऊ जण आहेत.