उघड्यावरचं पिल्लू काही आठवडे घरी सांभाळताना

पावसाळा सरला की गल्लीबोळांतल्या कुत्र्या व्यायला लागतात आणि पिलांचे पहिले आठवडे नेमके थंडीत येतात. डिसेंबर-जानेवारीत परभणी जिल्ह्याचा पारा दहाच्या खाली उतरतो. पुण्या-मुंबईतल्या प्राणिसंस्थाही जागा अपुरी पडते म्हणून पिलं काही आठवडे कुटुंबांकडे सांभाळायला देतात. जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावात तर पिल्लू जगतं ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी पडवीतच. माणसांना कणव असते, पण ऐकीव गोष्टी आड येतात.

एकटं दिसलेलं पिल्लू अनाथच असतं, ही त्यातली पहिली. आई खाणं शोधायला तास-दोन तास जाते. पिल्लू ऊबदार असेल, शांत झोपलं असेल तर लांबून वाट पाहावी. आई मेली असेल किंवा पिल्लू गार पडून सारखं कण्हत असेल, तरच उचलावं. आईसारखं त्याला कुणीच वाढवू शकत नाही.

सर्वांत घातक समज दुधाचा आहे. घरचं गाईचं दूध चांगलं, म्हणून वाटी पुढे सरकवली जाते. कुत्रीच्या दुधात साधारण नऊ टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधात चारच्या आसपास. प्रथिनंही निम्म्याहून कमी आणि दुग्धशर्करा मात्र जास्त. पिलाला हगवण लागते आणि अंगातलं पाणी जाऊन ते दगावतं. पिलांसाठीची दूध पावडर औषधांच्या किंवा प्राण्यांच्या दुकानात मिळते. गावात नसेल तर चाळीसेक किलोमीटरवरच्या परभणीहून मागवावी. पहिले दोन आठवडे दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा पाजावं लागतं. पाजताना पिल्लू पोटावरच हवं. तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. गारठलेल्या पिलाला आधी ऊब द्यायची, मग दूध, कारण थंड शरीराला ते पचत नाही. गोधडीत गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली पुरते. एवढ्या लहान पिलाला आपणहून लघवीही होत नाही. आई चाटते तसं ओल्या कोमट कापसानं पुसून ती करवावी लागते. हे काम जागरणाचं आहे, पण मोठं घर लागत नाही. एक कोपरा आणि एक खोकं पुरतं.

घरात आधीच कुत्रा असेल तर पिल्लू आणूच नये, असंही नाही. मात्र किमान दोन आठवडे दोघांना वेगळं ठेवावं. पार्व्हो या कुत्र्यांच्या रोगाचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनाईलला दाद देत नाही, ब्लीच लागतं. सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस द्यायची आणि जंताचं औषध त्याआधीच सुरू करायचं. दोन्हींसाठी जनावरांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

‘एवढंसं पिल्लू, त्याच्या दाताचं काय,’ असं म्हणून कुणी चावा अंगावर काढू नये. पिलालाही रेबीज होतो, आणि माणसात लक्षणं दिसल्यावर तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावं. लस तिथे मोफत असते.

आणि ‘एकदा आणलं की गळ्यातच पडतं’? तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात पिल्लू माणसांना सरावतं. या काळात मिक्सरचा आवाज, मुलांचा गोंधळ, अनोळखी पाहुणे अनुभवलेलं पिल्लू सहसा धीट निघतं, म्हणून त्याला कायमचं घर मिळणं सोपं जातं. देताना जीव तुटतो, हे खरंच. पण आठ आठवड्यांआधी देऊ नये, आणि ज्या घरी द्यायचं ते घर आधी पाहून यावं. लशींच्या तारखांचा कागद सोबत द्यावा. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे नसबंदी, हे नव्या घराकडून कबूल करून घ्यावं.