वर्ड्‌स्वर्थची उद्याने : पुरावा आणि स्मारक

इंग्लंडमधील लेखकांची निवासस्थाने पाहावयास वसंतऋतूत जाणारा अभ्यासक घराबरोबर बागही पाहतो आणि बहुधा दोहोंस सारखेच प्रामाण्य देतो. परंतु घराच्या भिंती टिकतात. बाग मात्र दरवर्षी नव्याने उगवते. तेव्हा वाङ्‌मयाच्या अभ्यासात उद्यानास पुरावा म्हणून कितपत स्थान द्यावे? विल्यम वर्ड्‌स्वर्थच्या सरोवर-प्रदेशातील तीन स्थळे या दृष्टीने उद्बोधक आहेत.

ग्रासमीर येथील डव्ह कॉटेजमध्ये कवी व त्याची बहीण डॉरथी १७९९ च्या डिसेंबरात राहावयास आली व १८०८ पर्यंत राहिली. घरामागील चढावर त्यांनी रानातून आणलेली रोपे लावली. डॉरथीच्या दैनंदिनीत या श्रमांच्या नोंदी आढळतात. पुढे तेथे राहिलेल्या डी क्विन्सीने १८११ मध्ये बागेतील शेवाळाची कुटी पाडली व झाडे तोडली. सबब आज दिसते ती मूळ बाग नव्हे, तिची पुनर्रचना होय.

१८१३ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १८५० पर्यंत, कवी रायडल माउंट येथे राहिला. तेथील उतारावर त्याने सपाट वाटा आखल्या आणि त्यांवर येरझारा घालीत तो काव्यरचना करी. झाडे गेली तरी जमिनीची घडण राहते. म्हणून या वाटांची साक्ष फुलांहून अधिक विश्वसनीय ठरते.

तिसरे स्थळ म्हणजे जवळचेच ‘डोराचे शेत’. वसंतात ते डॅफोडिलांनी बहरते व पुष्कळ प्रवासी ही फुले प्रसिद्ध कवितेतील समजतात. वस्तुतः कवीने व डॉरथीने ती फुले १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर सरोवराच्या काठी पाहिली. कविता १८०७ मध्ये प्रकाशित झाली. शेतजमीन कवीने १८२६ मध्ये विकत घेतली आणि कन्या डोरा १८४७ मध्ये निवर्तल्यावर तिच्या स्मरणार्थ तेथे डॅफोडिल लावण्यात आले. कवितेचा उगम म्हणून या शेताकडे पाहिले, तर कालक्रम तर चुकतोच, परंतु वृद्ध पित्याचा शोकही दृष्टीआड होतो.

सारांश, लेखकाच्या उद्यानाचा विचार करताना प्रथम समकालीन लेख, नंतर भूरचना व शेवटी रोपे, असा प्रामाण्यक्रम मानणे युक्त होय. बागेचे सौंदर्य त्यामुळे उणावत नाही. ती कोणी, केव्हा व कशासाठी लावली, हे मात्र स्पष्ट होते.